बेरिंगचा झीरो

अण्णा,

तुमच्या तेराव्याची पंगत बसली होती, आणि तुमच्या फोटोखाली बेरिंग हगली.

गेलेल्या माणसावर लिहायला लागलं की अशी सुरुवात करत नाहीत, माहीत आहे मला. आधी स्वभाव, मग कष्ट, मग पोकळी. पण पोकळीबिकळी मला लिहिता येत नाही आणि तुम्हाला ती वाचवली नसती. माझं प्रत्येक पत्रक छापायला जायच्या आधी तुम्ही चष्मा कपाळावर ढकलून, कागद नाकाशी धरून वाचायचात आणि म्हणायचात, "विशेषणं किती गं अम्मा. माल कुठाय?" तर हा माल.

फोटो तुमच्याच वेताच्या खुर्चीवर ठेवला होता. हार, उदबत्ती, सगळं जागच्या जागी. केळीच्या पानांवर पुरणाची होळगी वाढून झाली होती. तुमच्या जुन्या कारखान्यातले एक गृहस्थ उभे राहून सांगत होते की मारुतीराव म्हणजे देवमाणूस, मुक्या जिवावर त्यांची फार माया. तेवढ्यात तुमची आंधळी मांजर, बेरिंग, स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आली. चौकटीला खांदा लावला, भिंतीला घासत मागच्या दाराच्या बोळात गेली, ट्रे असायचा तिथे पोचली. पंजा मारून बघितला. गुळगुळीत फरशी. पुन्हा मारला. फरशीच. मग ती ओरडली. आवाज लांबचा, पोटातून येणारा. तो तुम्ही ऐकला असतात तर हातातलं टाकून धावला असतात. तिथे कोणी धावलं नाही. मीसुद्धा. ती स्वतःभोवती दोन गिरक्या घेऊन हॉलमध्ये आली, वास काढत तुमच्या खुर्चीखाली गेली आणि बसली.

पातळ होतं. इतके दिवस तिला कोण काय घालत होतं कोणास ठाऊक. वास असा उठला की होळगीचा घास लोकांच्या तोंडातच राहिला. माया सांगणाऱ्या त्या गृहस्थांनी पहिल्यांदा धोतर वर उचललं. आणि तुमचा मुलगा प्रमोद, तिकडे लांब एचएसआरच्या त्याच्या फ्लॅटमध्ये ज्याच्या भिंतीवर तुमचा एकही फोटो नाही तो, नाकाला रुमाल लावून ओरडला, "शी! अरे कोणीतरी उचला ते!"

कोणीतरी.

हा शब्द मी पत्रकांत ठळक छापते. 'तुमच्या घरातली घाण कोणीतरी उचलतं. त्या कोणीतरीला नाव आहे.' चार ओळी, कन्नडमध्ये, पिवळ्या कागदावर. आपल्या दासरहळ्ळीच्या प्रत्येक बस स्टॉपवर मी तो कागद चिकटवला आहे. आणि त्या दिवशी पंगतीतली सगळी तोंडं, एकही अपवाद न करता, फाटकाकडे वळली. तिथे लक्ष्मम्मा तिची ढकलगाडी घेऊन उष्ट्या पानांची वाट बघत उभी होती. तीस वर्षं आपल्या गल्लीतला कचरा उचलणारी बाई तुमच्या तेराव्याला आली होती, आणि यांना वाटलं, बरं झालं, आली.

किळस म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं, आणि ती मांजराची नव्हती.

असं लिहून मी इथेच थांबले असते तर चांगलं पत्रक झालं असतं. पण तुम्ही कागद नाकाशी धरून विचारलं असतंत, "आणि तू काय करत होतीस गं लीडर?"

मी बसून होते, अण्णा. पानावर. हातात होळगी.

* * *

निपाणीहून मी इथे आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुमच्याशी भांडले. वरची खोली तुम्ही मला भाड्याने दिलीत ती मी मराठी बोलते म्हणून. तुमचं मराठी ऐकून मला हसू यायचं, माझं ऐकून तुम्हाला. "करायलाय काय, जायलाय काय, ही कसली भाषा," म्हणायचात, आणि स्वतः त्याच वाक्यात 'थोडं'ला 'स्वल्प' आणि 'ठीक'ला 'सरी' म्हणायचात. तुमचे पूर्वज इथे कधी आले ते तुम्हालाही माहीत नव्हतं. हे सगळं मी मराठीत लिहितेय ते एवढ्यासाठीच, की तुमच्याशी मी फक्त याच भाषेत भांडले.

बेरिंग तुम्हाला पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत सापडली. रिटायर झाल्यावरही दर गुरुवारी तुम्ही जुन्या वर्कशॉपात जाऊन बसायचात, तिथल्याच भंगाराच्या ढिगात ही होती. डोळे पुवाने चिकटलेले, आतून सडलेले. मशीन पुसायच्या सुती चिंध्यांत गुंडाळून तुम्ही तिला आणलंत. डॉक्टर म्हणाले, डोळे गेले, जीव राहील. घरी आल्यावर ती दिवसभर एकाच जागी गोल फिरायची, म्हणून बेरिंग.

आणि ती कुठेही हगायची. हे मी सौम्य करून सांगणार नाही. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. माझ्या चपलेत. पत्रकांच्या गठ्ठ्यावर ती मुतली तेव्हा 'स्वच्छता हा हक्क आहे' या ओळीवरून पिवळा ओघळ खाली आला आणि तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. मला हसू आलं नाही. मांजराच्या मुताचा वास डोक्यात जाऊन बसतो, केसांत बसतो. बसमध्ये शेजारची बाई सरकून बसली की मला वाटायचं, माझाच येतोय.

पण खरं भांडण झालं ते लक्ष्मम्मावरून. तुम्ही सुरुवातीला बेरिंगची घाण ओल्या कचऱ्यात टाकत होतात, भाजीच्या देठांबरोबर, वर्तमानपत्रात गुंडाळून. एका सकाळी मी फाटकात उभी होते. लक्ष्मम्माने पिशवी उघडली, प्लास्टिक वेगळं काढायला हात घातला आणि तो हात तसाच बाहेर काढून माझ्यासमोर धरला. मीच आत येऊन बोलले. काय काय बोलले ते आठवतं ना? की तुमच्या मायेची घाण दुसऱ्याच्या हाताला लागते. की माया स्वस्त असते आणि हात धुवायचं पाणी त्या बाईला गल्लीत कोणी देत नाही. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात आणि म्हणालात, "सरी."

एवढंच. दुपारी मागच्या अंगणात, संपिगेच्या, म्हणजे सोनचाफ्याच्या, झाडाखाली, तुम्ही दोन हात खोल खड्डा खणलात. शेजारी मातीचा ढीग आणि एक पत्र्याचं डबडं. रोजचं रोज पुरायचं, वर माती टाकायची. दुसऱ्या दिवशी फाटकात उभं राहून तुम्ही लक्ष्मम्माला कन्नडमध्ये म्हणालात, "चूक माझी होती, तायी." ती इतकी घाबरली की तिने गाडी पुढे ढकलली.

चूक कबूल करायला तुम्हाला मिनिटसुद्धा लागायचं नाही. याचा मला राग येतो. का येतो ते पुढे लिहिते.

* * *

ट्रेसाठी तुम्ही दुकानातलं काही आणलं नाहीत. लेथखाली लोखंडाचा कीस पडतो तो पत्र्याचा जुना ट्रे आणलात, कडा घासून गोल केल्यात, एक बाजू कापून बुटकी केलीत, तिला चढता यावं म्हणून. वाळू आधी शेजारच्या बांधकामावरची. तिचे कण टोचायचे, बेरिंग पंजा झटकून बाहेर. मग लाकडाचा भुसा. तो तिच्या रिकाम्या खोबणीत गेला आणि आठवडाभर डोळ्यांतून पाणी. शेवटी नदीची जुनी बारीक वाळू मिळाली, ती चाळून घातलीत. आणि मग तुम्ही मला बोलावून शिकवायला बसलात, जणू मी तुमच्या हाताखाली नवीन लागले होते.

"हे बघ अम्मा. लेथवर पहिलं काय करायचं? झीरो. टूल जॉबला, कापायच्या तुकड्याला, टेकवायचं, डायल झीरोवर आणायची. पुढचं सगळं माप तिथून. झीरो सरकला तर तू कितीही हुशार अस, माल भंगारात."

"ही मांजर आहे अण्णा, मशीन नाही."

"तेच सांगतोय. मशीनला तरी डोळे लागत नाहीत."

तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराची डावी चौकट तिचा झीरो ठरवलीत. खाणं झालं की तिला उचलायचं नाही, हे पहिलं. उचललं की ती हवेत हरवते. तिला मानेकडून हलकेच ढकलत चौकटीपर्यंत न्यायचं, खांदा चौकटीला घासू द्यायचा. तिथून भिंत. भिंतीच्या कडेने तुम्ही काथ्याची पट्टी चिकटवली होती, पायाला खरखर लागावी म्हणून. पट्टी संपली की ट्रेची बुटकी बाजू. आत गेली की तिचा पुढचा पंजा धरून वाळूत दोनदा ओढायचा. आणि बसायचं. तिच्याशेजारी, फरशीवर, या वयात, गुडघे दुखत असताना, बसायचं.

आणि ट्रे लख्ख धुवायचा नाही. मला किळस आली ती याची. तुम्ही घाण काढायचात पण थोडीशी मुतलेली वाळू मुद्दाम ठेवायचात. "तिचा बोर्ड आहे तो," म्हणायचात. "तू भिंतीवर कागद लावतेस ना, इकडे या म्हणून? तसा. फिनेल ओतलंस की बोर्ड पुसला." हातात काही न घालता, एका जुन्या पळीने, कधी नुसत्या बोटांनी तुम्ही ते उचलायचात आणि त्याच हाताने कान खाजवायचात. मी जिन्यावरून बघायचे आणि मला उमासे यायचे. तुम्ही चांगले होतात म्हणून ते दृश्य चांगलं होत नाही. घाणेरडं होतं. मी तेव्हाही म्हणाले, आताही म्हणते.

तुमची आणखी एक सवय. ट्रे बसवला की खिशातून लोखंडावर खुणा कोरायचा टोकदार स्क्राइबर काढून, पेनाशेजारी तो कायम अडकवलेला असायचा, चारही कोपऱ्यांना फरशीवर खूण कोरलीत. काकूंनी, प्रमोदच्या आईने, आयुष्यभर घासून चकचकीत केलेली लाल फरशी. मी म्हटलं, काकू असत्या तर? तुम्ही म्हणालात, "असत्या तर मांजर घरात नसती."

त्याच दिवशी तुम्ही मला कारखान्यातली एक पद्धत सांगितलीत. जॉब बिघडला तर लपवायचा नाही. त्यावर फुली कोरायची आणि ज्याने बिघडवला त्याचं पहिलं अक्षर. मग चूक किती ती मोजायची, आणि मगच दुसरा जॉब लावायचा.

मी उसळले. "ही मालकाची युक्ती आहे. मजुराला शरम वाटावी म्हणून."

"मालक कुठला? तो केबिनमध्ये. आम्हीच कोरत होतो. आपलं अक्षर आपण."

"म्हणजे तर अजूनच वाईट. तुमच्या डोक्यातच मालक बसला होता."

"बसला असेल," तुम्ही म्हणालात. "पण कोरलं की रात्री झोप लागायची."

त्यावर मी काहीतरी जोरदार उत्तर दिलं होतं. काय ते आठवत नाही. तुमचं वाक्य आठवतं.

तीन आठवड्यांनी बेरिंग एकटी गेली. चौकट, भिंत, काथ्या, ट्रे. आतून वाळू उकरल्याचा आवाज आला तेव्हा तुम्ही मला खालून हाक मारलीत. असा आवाज की मला वाटलं घरात आग लागली. मी धावत आले तर तुम्ही ट्रेकडे बोट दाखवून म्हणालात, "बघ, बघ, झाकतेय पण!"

मी नाक धरून बघितलं. माझ्या मते मी हसलेही.

* * *

आता ते.

त्या रविवारी तुम्ही केस कापायला गेला होतात. इंदिरानगरच्या चकचकीत ऑफिसातून आमच्या मोहिमेला मदत करणारे पाचजण यायचे होते आणि माझ्या खोलीत पाच माणसं मावत नाहीत, म्हणून तुम्हीच म्हणाला होतात, हॉलमध्ये बसा. ती माणसं यायच्या अर्धा तास आधी मला वास आला. रोजचाच वास. पण इंदिरानगरच्या नाकांनी मी तो घेऊन बघितला आणि मला लाज वाटली. मी ट्रे उचलला, श्वास कोंडून, हात लांब धरून, आणि मागच्या न्हाणीत नेऊन ठेवला. बोळात अर्धी बाटली फिनेल ओतलं. काथ्यावरही.

मीटिंगचा विषय होता, आपली घाण कोण उचलतं. विनोद मी केलेला नाही, तोच विषय होता.

मधेच एकजण म्हणाली, "कसला तरी वास येतोय ना?" मी म्हटलं, "बाहेरच्या गटाराचा." बेरिंग तेव्हा बोळात ओरडत होती. मी दार लोटून घेतलं.

ते गेल्यावर, तुम्ही परत यायच्या आत, मी ट्रे आणून ठेवला. तुमच्या खुणा मला आठवल्यासुद्धा नाहीत. अंदाजाने ठेवला. चार बोटं सरकला असेल, आणि बुटकी बाजू भिंतीकडे झाली.

बेरिंग त्या दुपारी कुठे गेली ते तुम्हाला संध्याकाळी कळलं. तुमच्या पलंगावर, काकूंच्या जुन्या साड्यांची गोधडी, आपली कौदी, होती तिच्यावर. ती कौदी तुम्ही कोणाला हात लावू द्यायचा नाहीत. काकूंनी स्वतः शिवलेली. तुम्ही ती बादलीत बुडवलीत आणि अंगणात दगडावर बसून एकटेच धूत राहिलात. मी जिन्यावर उभी होते. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "काल वाळू बदलून ट्रे बसवताना मीच चुकलो असणार. इतकी वर्षं काम केलं, कधी बोटभर चूक झाली नाही. हात गेला माझा, अम्मा."

तेव्हा सांगायचं होतं. एक वाक्य होतं. लोकांच्या तोंडावर खरं बोलते म्हणून माझी ख्याती आहे, कॉर्पोरेशनच्या साहेबासमोर टेबलावर हात आपटते मी. मी म्हणाले, "होतं असं अण्णा कधीकधी."

होतं असं कधीकधी! आता हे लिहिताना मला बेरिंगच्या ट्रेपेक्षा या वाक्याची जास्त घाण वाटते.

ट्रे तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी जागेवर आणलात, पण फिनेलचा वास जायला आणि तिला पुन्हा धीर यायला अकरा दिवस गेले. अकरा दिवस तुम्ही पुन्हा फरशीवर बसलात. त्यानंतर तुम्ही प्रत्येक गोष्ट दोनदा मोजायला लागलात. चहाची साखर. दाराची कडी. गुरुवारी पीण्याला गेलात आणि तिथल्या पोरांनी लेथवर हात टाकायला सांगितलं तर 'नको' म्हणून परत आलात. हे तुम्हीच मला सांगितलंत, हसत. महिनाभर माझ्याकडे वेळ होता, रोज सकाळी वेळ होता, जिना उतरून तेरा पायऱ्यांवर तुम्ही होतात.

त्याच महिन्यात तुम्ही माझं नवं पत्रक वाचून म्हणालात, "घाण हा शब्द सात वेळा आलाय. वास एकदाही नाही."

"पत्रकाला वास नसतो अण्णा."

"तू कधी उचललीस?"

मी चिडले. मी म्हटलं, मुद्दा मी उचलण्याचा नाही, कोणालाच हाताने उचलावी लागू नये हा आहे. हातमोजे, मशीन, पगार, हा आहे. एकेकाने हौसेने एकदा उचलून फोटो काढण्याने लक्ष्मम्माचं काही बदलत नाही. माझा मुद्दा बरोबर होता. अजूनही बरोबर आहे, मेलात म्हणून मी तो सोडणार नाही. तुम्ही म्हणालात, "हौदु, बरोबर आहे. पण मी विचारलं ते वेगळं." आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठलात.

ते भांडण तिथेच राहिलं. दोन दिवसांनी, सकाळी लक्ष्मम्माच्या गाडीची शिट्टी गल्लीत वाजत असताना, तुम्ही गेलात. हातात बेरिंगची पळी होती.

* * *

दहाव्या दिवशी प्रमोदने घर धुऊन घेतलं. धुतातच. माणूस गेल्यावर घर धुणं यात चूक काही नाही. दोन माणसं लावून त्याने छतापासून उंबऱ्यापर्यंत फिनेलने घासून घेतलं, काथ्याची पट्टी उपटून टाकली, आणि ट्रे अंगणात उलटा टाकला. तुमचा मुलगा वाईट नाही. त्याने तुमचा बोर्ड पुसला एवढंच. मी हे वरून बघितलं आणि मला सगळं माहीत होतं, आणि मी म्हटलं, त्यांचं घर, त्यांचं सुतक, आपण कोण.

म्हणजे मी दोनदा गप्प बसले. मोजून ठेवते.

तर तेराव्याची पंगत. सगळी तोंडं फाटकाकडे. प्रमोदचा मावसा हात हलवून म्हणाला, "ए, बा इल्ली, इकडे ये, हे काढ." लक्ष्मम्माने खराटा भिंतीला टेकवला आणि चप्पल काढायला वाकली. तुमच्या घरात येताना ती चप्पल काढत होती, घाण उचलायला.

मी उठले. तोऱ्यात उठले हे कबूल करते. "तिने हात लावायचा नाही," असं ओरडलेसुद्धा. आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, आता ही काय करते म्हणून, आणि मला कळलं की आता मला करावं लागणार.

केळीचं पान फाडून घेतलं. खुर्चीखाली वाकले. तुमचा फोटो माझ्या डोक्यावर. पातळ घाण पानाने उचलली जात नाही, अण्णा, हे तुम्ही सांगितलं नव्हतंत. ती पसरते. ती बोटांना लागते, कोमट. मी ती अंगणात नेली, खड्ड्यात टाकली, संपिगेला धरून उभी राहिले आणि पोटातलं सगळं जेवण ओकले. लक्ष्मम्मा मागे आली. तिने माझ्या हातावर बाटलीतलं पाणी ओतलं, स्वतःचं प्यायचं, आणि म्हणाली, "मोदल सल, आगत्ते." पहिल्यांदा होतं असं. तिच्या आवाजात कौतुक नव्हतं. कंटाळा होता. नवीन माणूस कामाला आलं की असतो तसा.

आत आले तर प्रमोद मावशाशी बोलत होता, "मांजरं मार्केटजवळ सोडून देतात म्हणे लोक. खाईल ही तिथे मासळीचं काहीतरी."

"ती आंधळी आहे," मी म्हटलं. "रस्ता ओलांडेल का मासळीपर्यंत?"

"मग काय करू रेवती? फ्लॅटमध्ये नेऊ? बायको घरात घेणार नाही. हे घर पुढच्या महिन्यात रिकामं करायचं आहे."

"मी नेते."

"तू? तुला तर तिची घाण सहन होत नाही. अण्णाच सांगायचे, फोनवर, हसायचे."

"होतच नाही सहन," मी म्हटलं. "तरी नेते."

मी अंगणातला ट्रे उचलला आणि बोळात गेले. निदान ते घर रिकामं होईपर्यंत तो जागेवर असावा म्हणून. तुमच्या खुणा शोधायला गुडघ्यांवर बसले. फिनेलने धुतलेल्या लाल फरशीवर त्या स्वच्छ दिसत होत्या, चार कोपरे. आणि त्यांच्याशेजारी आणखी चार. चार बोटं सरकलेले. त्या दुसऱ्या चौकोनावर फुली होती. आणि फुलीखाली, बारीक, नेटकं, कन्नड वळणाचं एक अक्षर.

म. मारुतीरावाचा म.

चूक आधी मोजायची, मग दुरुस्त करायची. तुम्ही माझी चूक मोजलीत, बोटाबोटाने, आणि तिच्यावर स्वतःचं अक्षर कोरलंत.

तुम्हाला खरंच वाटत होतं का, की हात तुमचाच चुकला? की फिनेलचा वास तुम्हाला संध्याकाळीच आला होता, बुटकी बाजू भिंतीकडे बघून तुम्हाला कळलं होतं, आणि 'हात गेला माझा' म्हणून तुम्ही माझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं? पहिलं खरं असेल तर तुम्ही माझ्यामुळे तुमच्या हातावरचा विश्वास गमावून मेलात. दुसरं खरं असेल तर मी महिनाभर त्या उघड्या दारासमोरून रोज येत-जात होते. यातलं मला कोणतं परवडेल ते मी अजून ठरवू शकलेली नाही. आणि तुमच्यावरही मला राग आहे. दार उघडं ठेवण्याऐवजी कानफटात मारायची होतीत.

फोटोपुढे तुमच्या वस्तू मांडल्या होत्या. चष्मा, घड्याळ, पेन, स्क्राइबर. मी स्क्राइबर उचलून आणला. तुमच्या म वर आडवी रेघ मारली, खोल, मनगट दुखेपर्यंत. खाली र कोरला. वाकडा आला. लोखंड फरशीवर कोरताना जो आवाज होतो त्याने दात शिवशिवतात, आणि हॉलमधून प्रमोद आला.

"काय करायलीस तू? घर द्यायचंय मला ते!"

"दुरुस्ती," मी म्हटलं.

* * *

बेरिंग आणि तिचा ट्रे आता वर माझ्याकडे आहेत. झीरो म्हणजे माझ्या खोलीच्या दाराची चौकट, उजवी. काथ्याची पट्टी नवी लावली. सुरुवातीचे दिवस काय झाले ते लिहीत नाही. उशीवर झालं एवढं पुरे. मी फरशीवर बसते, तिचा पंजा वाळूत ओढते, आणि तोंडाने श्वास घेते. तुम्ही कधी नाक धरलं नाहीत. मी धरते. हातमोजे घालते, तेही चांगले, कोपरापर्यंतचे. तशीच एक जोडी लक्ष्मम्मालाही दिली. ती म्हणाली, घामाने हात सडतात यात, कोणी बनवले हे? त्यावर आता नवं पत्रक लिहावं लागणार. त्यात वास असेल.

काल सकाळी बेरिंग एकटी गेली. मी चहा गाळत होते. चौकटीला खांदा घासल्याचा आवाज, मग काथ्याची खरखर, मग काही नाही. मी गाळणी हातात धरून उभी राहिले. मग वाळू उकरल्याचा आवाज आला, अण्णा, आणि मी खाली धावले. तुम्हाला हाक मारत. पाच पायऱ्या उतरल्यावर थांबले.

परत वर आले. हातमोजे चढवले. थोडी ओली वाळू बोर्डासाठी ठेवली, बाकीचं डबड्यात भरलं आणि अंगणात जाऊन पुरलं. भयंकर घाण वास होता. झाकलं होतं तिने, पण नीट नाही.